थांबण्याची ऐपत

सरकारच्या ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात पडू लागल्यापासून महाराष्ट्रात एका नव्या दुःखाची भर पडली आहे. ज्यांना हे पैसे मिळतात त्यांना हे दुःख ठाऊक नाही. ज्यांना ते मिळत नाहीत आणि मिळण्याची गरजही नाही, अशांचं ते आहे. सुरुवातीला त्यांना तिजोरीची काळजी होती. आता संस्कृतीची आहे. आमच्याकडच्या एका बहुश्रुत आणि श्रोत्यांना हमखास हळवं करणाऱ्या व्याख्यात्यांनी गेल्या हिवाळ्यात ती मांडली, आणि तेव्हापासून ती मला लग्नाच्या पंगतीत, बारशात, फर्स्ट क्लासच्या डब्यात ऐकू येते आहे. म्हणणं थोडक्यात असं: गोरगरीब पूर्वी एकमेकांच्या आधाराने जगत. वाटीभर साखर, अडीअडचणीला दोन पैसे, बाळंतपणाला शेजारीण. सरकार थेट खात्यात पैसे टाकू लागलं आणि हा शेजार आटला. हात पसरायचा तर निदान माणसापुढे पसरावा, यंत्रणेपुढे कशाला?

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्यांनी साक्षीला रशियन विचारवंत प्रिन्स क्रोपोत्किनला उभं केलं. क्रोपोत्किन माझा जुना आवडता माणूस. त्याला असं परगावच्या पाहुण्यासारखं फेटा बांधून मंचावर बसवलेलं मला सहन होत नाही.

क्रोपोत्किन १८४२ साली मॉस्कोत सरदार घराण्यात जन्मला. ऐन उमेदीत दरबारातली सुखाची नोकरी नाकारून तो सैबेरियात गेला. डार्विनचं पुस्तक नुकतंच आलं होतं, आणि एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये अन्नासाठी चाललेली झुंज आपल्याला तिथे दिसेल, अशी त्याची अपेक्षा होती. दिसलं ते निराळंच. अफाट बर्फ, वादळं, पूर, आणि त्यात कळपाने तग धरणारे प्राणी. पुढे १८८८मध्ये थॉमस हक्स्ले यांनी जगण्याच्या झगड्यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी निसर्गाचं चित्र जवळजवळ हाणामारीच्या आखाड्यासारखं रंगवलं होतं. त्याला उत्तर म्हणून १८९०पासून क्रोपोत्किनने लेखमाला लिहिली आणि १९०२मध्ये तिचं पुस्तक झालं. परस्परसाह्य हाही उत्क्रांतीचा एक घटक आहे, हे त्याचं सूत्र. मुंग्यांपासून मध्ययुगीन शहरांतल्या कारागिरांच्या संघांपर्यंत आणि तिथून लंडनच्या गरीब वस्तीत एकमेकींची पोरं सांभाळणाऱ्या बायकांपर्यंत तो येतो. आमच्या व्याख्यात्यांना या शेवटच्या बायका फार आवडल्या.

मात्र त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेतली एक गोष्ट त्यांनी वगळली. क्रोपोत्किन म्हणतो, अन्नाची खरोखर टंचाई पडते तेव्हा तिच्या तडाख्यातून वाचलेले प्राणीसुद्धा इतके खंगून बाहेर पडतात की अशा काळावर जातीची प्रगती उभी राहूच शकत नाही. हाल माणसाला घडवतात, हा विचार त्याचा नाही. तो आपला, पोट भरलेल्यांचा आहे. दुसरी वगळलेली गोष्ट याहून मोठी. क्रोपोत्किनला सरकार नको होतं हे खरं, पण त्याला जमीनदारही नको होता आणि कारखानदारही. जमीन, कोठारं, घरं सगळ्यांची झाल्यावर सरकार कशाला, असा त्याचा प्रश्न होता. आमच्या व्याख्यात्यांनी त्यातलं सरकार तेवढं काढून टाकलं आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं. उरलं काय? मालक तोच, भाडं तेच, मजुरी तीच, आणि वर शेजारणीने शेजारणीला सांभाळावं हा उपदेश. अशा मांडणीला सैबेरियाची गरज नव्हती.

क्रोपोत्किनशी माझंही एक भांडण आहे, आणि ते मराठी मुलखातलं आहे. शेतीतल्या परस्परसाह्याची आपल्याकडची नावं म्हणजे सावड, वारंगुळा, इर्जिक. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी सावड करतो. जोडी जुळते, आधी तुझं रान, मग माझं. इर्जिकीला लोक आपापली अवजारं घेऊन येतात, ज्याचं रान तो जेवू घालतो. व्यवस्था सुंदर आहे, यात वाद नाही. पण सावडीत उतरायला निदान एक बैल लागतो. ज्याच्याकडे बैलही नाही आणि रानही नाही, त्याने कोणाशी सावड करायची? आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला इर्जिकीच्या पंगतीत बरोबरीने कोणी बसवलं होतं? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या कौतुकावर कोरडे ओढले, ते उगाच नव्हे. परस्परसाह्यातला ‘परस्पर’ कोण, हे आधीच ठरलेलं असतं. परतफेड करू शकणाऱ्यांचं ते वर्तुळ आहे, आणि त्याच्या काठावर नेहमी कोणीतरी उभं असतं.

त्यातही एक मर्यादा अशी, की हा आधार एकाचा पाय मोडला तर चालतो, सगळ्यांचे मोडले तर नाही. १९७२च्या दुष्काळात शेजारधर्म कमी पडला तो माणसं कोरडी झाली म्हणून नव्हे. ज्याच्याकडे मागायला जायचं त्याचीही कणगी रिकामी होती. तेव्हा गावं जगली ती सरकारी कामांवर खडी फोडून. मे १९७३मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेली रोजगार हमी त्याच दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. माझ्या लेखी मराठी माणसाने केलेली ही सगळ्यात मोठी इर्जिक. तिच्यात कोणी कोणाच्या रानात गेलं नाही, कोणी कोणाचं तोंड पाहिलं नाही, जेवणावळ झाली नाही, आणि काठावरच्यालाही त्याची मजुरी मिळाली. २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा तेच. नाक्यावरच्या मजुरांच्या भिश्या पहिल्या महिन्यातच थांबल्या, कारण भरणारे सगळे एकाच दिवशी घरी बसले होते.

मागणाऱ्याच्या बाजूचंही थोडं बघू. उसनं मागायला जाणाऱ्या बाईला वेळ साधावी लागते. घरात पुरुष नाही, पाहुणे नाहीत, सासू देवळात गेली आहे, अशी. आधी इकडचं तिकडचं बोलावं लागतं. मग सल्ला ऐकावा लागतो: मुलीला कॉलेजात कशाला घातलंस, नवऱ्याला एवढं डोक्यावर का बसवलंस. पैसे परत केले तरी सल्ल्याची फेड होत नाही. नंतर वर्षभर त्या घरच्या कार्यात पोळ्या लाटायला जावं लागतं. हा मिंधेपणा ज्याने भोगला नाही तोच त्याला जिव्हाळा म्हणतो. दीड हजार रुपये सल्ला देत नाहीत. आमच्या व्याख्यात्यांना दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळतं. त्याने त्यांचा शेजार आटल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.

अर्थात सरकारी पैसाही काही निरोप न देता येत नाही. निवडणूक आली की तो आठवण करून देतो. याच योजनेच्या ई-केवायसीत पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. जिला दोघेही नाहीत तिने काय करायचं, हा प्रश्न मागाहून सुचला. आणि त्या गोंधळात ओटीपी कुठे टाकायचा हे दाखवायला कोण होतं? शेजारची बारावीतली पोरगी आणि अंगणवाडीच्या ताई. शेजार आटला म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात एखाद्या वस्तीत चक्कर मारायला हवी होती.

इथवरचा माझा युक्तिवाद साधा आहे: शेजार हा गरिबांचा विमा, आणि तो कच्चा, पक्का विमा सरकारने द्यावा. बरीच वर्षं मी असंच मानत आलो आणि व्याख्यात्यांना हरवायला एवढं पुरेसंही आहे. पण या वादानिमित्ताने मुंबईच्या गिरणगावाविषयी पुन्हा वाचायला घेतलं आणि हे गणित अपुरं वाटू लागलं. विमा म्हटलं की माणूस पडल्यावर काय, एवढाच प्रश्न उरतो. माणूस स्वतःहून उभा ठाकतो तेव्हा काय, हा प्रश्न त्यात बसत नाही.

१९२८मध्ये मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. सहा महिने पगाराविना माणसं खात काय होती? राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने याचं उत्तर कारखान्याच्या दाराबाहेर, वस्तीत शोधलं. वाण्याची वही, खोलीमालकाने थांबवलेलं भाडं, खानावळवालीने पुढच्या महिन्यावर टाकलेली बाकी आणि कोकणातलं, घाटावरचं घर. गावाशी नाळ असलेला कामगार अर्धवट कामगार, असं पुष्कळ पंडित मानत. चंदावरकरांनी दाखवलं की त्या नाळेमुळेच तो लढू शकत होता. संप झाला की गावी जाऊन भात लावता येत होता. वाणी काही संत नव्हता. गिऱ्हाईक तुटलं तर त्याचं दुकान बसणार होतं, म्हणून तो उधार देत होता. त्या उधारीत माया किती आणि धंदा किती, हे मोजण्यात अर्थ नाही. तिच्यामुळे मालकाला ‘नाही’ म्हणता येत होतं.

क्रोपोत्किनने हे पाहिलं होतं. त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागात कामगारांच्या संघटना आणि संप परस्परसाह्याच्या सदरात येतात, मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या शेजारीच. मला वाटत होतं ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. ती एकच आहेत. शेजारणीने पोर सांभाळलं म्हणून दुसरी मोर्चाला जाऊ शकते. सत्तरच्या दशकात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या बायका एकमेकींना पाण्याच्या आणि रॉकेलच्या रांगांतून ओळखत होत्या. त्या रांगेत ‘माझा नंबर धर’ म्हणून ज्या सांगत, त्याच नंतर मंत्र्यांच्या दाराशी धडकल्या.

खानावळवाल्यांचं उदाहरण तर याहून बोलकं. गिरणगावातल्या या बायका महिन्याच्या बोलीवर कामगारांना जेवू घालत आणि स्वतः वाण्याकडून, सावकाराकडून उचल घेत. संप झाला की जेवणारे येतच राहत, पैसे येत नसत. म्हणजे संपाचा भार त्यांच्या चुलीवर होता, आणि एकाही संपाच्या इतिहासात त्यांचं नाव ठळक नाही. या बायकांना बांधून प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकमेकींची ओळख हेच तारण धरून राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं. शेजार आणि सरकार इथे एकमेकांवर उठले नाहीत. शेजाराने सरकारी बँकेचं दार ढकललं.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात मात्र ही सगळी वीण ताणून ताणून उसवली. सुमारे अडीच लाख कामगार, वर्ष उलटलं तरी तोडगा नाही, आणि संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा शेवटपर्यंत झाली नाही. वाण्यांच्या वह्या भरल्या, मग मिटल्या. भांडी गेली, मंगळसूत्रं गेली. मालकांना थांबणं परवडत होतं, कारण त्यांचं माप महिन्याच्या रेशनचं नव्हतं. जमिनीच्या भावाचं होतं. १९९१च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने त्या जमिनी विक्रीला मोकळ्या झाल्या. पुढे चाळी गेल्या, टॉवर आले, माणसं डोंबिवली-विरारकडे पांगली. शेजार कोणी मारला याचा पंचनामा करायचाच असेल तर तो इथे करावा. २०२४ साली आलेले दीड हजार रुपये घटनास्थळी नव्हते.

आज त्या वाण्याच्या वहीच्या जागी काय आहे? मायक्रोफायनान्सचा गट. पाच-दहा बायका, एकमेकींना जामीन, हप्त्याचा दिवस ठरलेला. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दाराशी जाऊन बसतात. कंपनीला वसुलीचा माणूसही फार ठेवावा लागत नाही. शेजार ते काम फुकट करतो. रिझर्व्ह बँकेने २०२२पासून मर्यादा घातली आहे, की अशा कुटुंबाच्या कर्जाचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त असू नयेत. म्हणजे निम्मं उत्पन्न आधीच लिहून दिलेलं असलं तरी ते नियमात बसतं. वाणी थांबत होता, कारण त्याला गिऱ्हाईक हवं होतं. हप्ता थांबत नाही. गाडीचा हप्ता आणि मोबाइलचा हप्ता भरणारा डिलिव्हरीवाला पोरगा अॅप बंद करून संपावर बसतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा चालू करतो. त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी १९२८चे सहा महिने कशावर निघाले होते ते आठवावं.

आमच्या संकुलात घरकामाला येणाऱ्या बायकांनी यंदा उन्हाळ्यात दर वाढवून मागितला. सोसायटीने गेटपास रद्द करायची धमकी दिली. बायका आल्याच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांची आपापसात भिशी आहे आणि त्या महिन्याचा नंबर लागलेल्या बाईने तो सोडून, जिचा हप्ता तोंडावर होता तिला उचल दिली. ‘आपली एक जरी आत गेली ना, तर सगळ्या गेल्या,’ माझ्याकडे येणाऱ्या मावशी नंतर म्हणाल्या. त्याच सुमारास योजनेचे पैसेही जमा झाले होते. दोघींनी ते सरळ हप्त्यात घातले. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, की सरकारी पैशाने या बायका माजल्या आहेत. त्याखाली बरेच अंगठे पडले. निदान व्याख्यात्यांपेक्षा त्या गृहस्थांना पैशाचा आणि शेजाराचा संबंध नीट कळला होता. आठवडा संपायच्या आत दर वाढला. गेटपासचा विषय सेक्रेटरींनी पुन्हा काढला नाही, आणि मावशींनी त्या दिवसांचा पगार कापू दिला नाही.