हमालवस्तीचा ठराव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या काही हमालांनी पै-पै जमवून शहराच्या कडेला एक शेत घेतलं. प्रत्येकाच्या वाट्याला गुंठाभर जागा आली. बिगरशेती परवाना नव्हता, सातबाऱ्यावर वेगळं नाव नव्हतं; आधार होता तो फक्त स्टॅम्पपेपरवरच्या कराराचा. 2001 साली राज्यात गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि हेलपाटे घालून घालून वस्तीचे कागद एकदाचे झाले. पुढे नळ आले, गटारं झाली, रस्ता झाला. शहर वाढत गेलं आणि कडेचं शेत भरवस्तीत आलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी गाठली. निम्मी सांगली पाण्यात होती, पण ही वस्ती उंचावरची, ती कोरडी राहिली. तेव्हापासून कोरड्या जागेला भाव आला आणि एक बिल्डर वस्तीत दारोदार फिरू लागला.

पहिला तयार झाला तो एक तरुण हमाल. मिरजेत बायकोचं ऑपरेशन झालं होतं, त्याचं कर्ज डोक्यावर होतं.

"गुंठा माझ्या नावावर हाय. मी इकला तर कुणाचं काय जातंय?" तो म्हणाला.

वस्तीतले सर्वांत जुने हमाल आबा म्हणाले, "आज तू इकशील, उद्या तुझा शेजारी इकंल. मग यार्डात पोती उचलायला येणारा गडी ऱ्हाणार कुठं?"

"खरं हाय आबा. पण माझं कर्ज कोण फेडणार?"

यावर कुणापाशीच उत्तर नव्हतं. रविवारी मारुतीच्या देवळात बैठक बसली. वाईहून निवृत्त होऊन आलेले गुरुजी शेजारच्या गल्लीत राहत. त्यांनाही बोलावलं होतं.

गुरुजी म्हणाले, "आमच्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत 1917 साली विनोबा भावे नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला होते. पुढे 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. गावच्या रामचंद्र रेड्डींनी 100 एकर देऊ केली आणि भूदान सुरू झालं. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठनं गावची जमीन अर्पण केली. त्यातून ग्रामदानाचा विचार उभा राहिला : जमिनीची मालकी गावाची, कसणारा आपापला. आपल्या गडचिरोलीतलं मेंढा-लेखा 2013 साली ग्रामदानी झालं."

"ते खेड्याचं झालं, गुरुजी. इथं शहरात काय?" एका मावशींनी विचारलं.

"तेच सांगतो. ग्रामदानाचा विचार अमेरिकेतल्या बॉब स्वान यांच्यासारख्या माणसांना भिडला. जॉर्जिया राज्यात मतदार यादीत नाव घातलं म्हणून काळ्या शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावत होते. 1969 साली त्या शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांनी आणि स्वान यांनी मिळून सामुदायिक जमीन न्यास उभा केला. साडेपाच हजार एकरांहून जास्त जमीन घेतली."

"टिकली का ती?" तरुण हमालानं विचारलं.

"नाही टिकली. लागोपाठ दुष्काळ पडले. मालक काळे, म्हणून सरकारी कर्जाला अडवणूक झाली. थकलेल्या देण्यापायी 1985 साली जमीन गेली. पण तोवर विचार शहरांत पोचला होता. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात ओसाड भूखंडांवर कचरा टाकत आणि गरिबांची घरं जळत. 1988 साली तिथल्या रहिवाशांच्या संस्थेला शहरानं रिकामे भूखंड संपादन करायचा अधिकार दिला. आता त्या संस्थेनं उभारलेल्या न्यासाच्या जमिनीवर गरिबांची घरं आहेत. घर राहणाऱ्याच्या मालकीचं, खालची जमीन न्यासाची."

गुरुजींनी मग इथला मार्ग सांगितला. जमीन सार्वजनिक न्यासाच्या नावे करायची. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना ती विकता येत नाही, तिच्यावर कर्जही काढता येत नाही. त्यांच्याच परवानगीनं ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं ज्याच्या त्याच्या घराखाली ठेवायची. घर मुलाबाळांकडे जाईल. कुणाला सोडायचं असेल, तर घातलेला पैसा आणि महागाईपुरती वाढ घेऊन ते न्यासानं सुचवलेल्या गरजवंताला द्यायचं. विश्वस्तांत एक हिस्सा रहिवाशांचा, एक आसपासच्या लोकांचा, एक जाणकारांचा.

तरुण उठला. "म्हंजे बिल्डर देतोय त्यापेक्षा मला कमीच मिळणार."

"कमीच मिळणार," आबा म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण घराच्या इटा तू रचल्यास, त्याचे पैसे तुझे. जागेचा भाव कुणी वाढवला? रस्त्यासाठी मोर्चे समद्यांनी काढले, नळासाठी बायका भांडल्या. ती वाढ तुझ्या एकट्याची कशी?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इचार पटतोय. पण पटल्यानं कर्ज फिटत न्हाय."

तेव्हा मावशी म्हणाल्या, "मग आधी ते फेडू. भिशीत पैसं हायेत."

त्या रात्री दोन ठराव झाले. पहिला, वस्तीचा अडीअडचणीचा फंड काढायचा आणि त्यातलं पहिलं बिनव्याजी कर्ज त्या तरुणाला द्यायचं. दुसरा, जमीन न्यासाला द्यायची. पहिल्या ठरावावर सगळ्यांनी सह्या केल्या. दुसऱ्यावर काहींनी केल्या नाहीत. त्यांच्यावर कुणी जोर केला नाही. तरुणाची सही दोन्ही ठरावांवर होती.

पुढं एक कुटुंब मुलाकडे पुण्याला गेलं. ठरलेल्या किमतीत त्यांचं घर जत तालुक्यातून आलेल्या हमालाला मिळालं. बाजारभावानं त्याला त्या गल्लीत दारही घेता आलं नसतं.

तात्पर्य : माणूस जागा विकतो तो बहुधा लोभानं नाही, अडचणीनं. म्हणून वस्ती राखायची असेल, तर शेजाऱ्याच्या अडचणीत आधी उभं राहावं आणि मग जमीन सगळ्यांची करावी. पहिलं न करता दुसरं मागणाऱ्याला तसं मागण्याचा हक्क नाही.