खर्ड्याचा जय

(वाचावयाचा भाग : १ राजे, अध्याय २० व २१.)



जामखेड तालुक्यांत खर्डा म्हणून गांव आहे. तेथील निंबाळकरांचा भुईकोट अद्यापि उभा आहे. १७९५ च्या मार्च महिन्यांत हैदराबादचा धनी निजाम अली ह्याच तटाआड जीव मुठींत धरून बसला होता.

तंट्याचें मूळ पैशांत होतें. पेशव्यांच्या चौथाईची बाकी निजामाकडे कित्येक वर्षें थकली होती. देणें खरें असतां तें द्यावयाचें नाहीं, हा लोभ. त्यावर त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क ह्यानें पुण्याच्या वकिलास भर दरबारांत सुनावलें कीं, हिशेब समजावयाचा तर नाना फडणविसांनीं स्वतः येथें यावें. न आल्यास आपण त्यांस आणवूं. हा गर्व. उधारी बुडविणारा मनुष्य सावकारापेक्षां मोठ्यानें बोलतो, हें आपण गांवोगांव पाहतोंच.

११ मार्च रोजीं सैन्यें भिडलीं. रात्रीं निजामाच्या जनानखान्यांत भय शिरलें, त्यानें माघारीचा हुकूम दिला, आणि अंधारांत त्याच्या फौजेची दाणादाण उडाली. तहांत दौलताबादचा किल्ला, मुलूख व सुमारें तीन कोटी रुपये कबूल करावे लागले. आणि ज्या दिवाणानें नानांस आणविण्याची भाषा केली होती, त्यालाच पुणेकरांच्या स्वाधीन करावें लागलें.

पुष्कळ उपदेशक गोष्ट येथेंच संपवितात. आम्हांस तसें करवत नाहीं. कारण शास्त्रहि तसें करीत नाहीं. बढाईखोर बेन-हदाद अहाबापुढें हरला तो विसाव्या अध्यायांत. पुढचें पान उलटावें तों जिंकलेला अहाब नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठीं बिछान्यावर तोंड फिरवून पडलेला दिसतो. हरलेल्याचा गर्व जिंकणाराच्या घरीं लुटीबरोबर येतो, आणि त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं.

बांधाच्या तंट्यांत ज्याचा दावा खरा ठरला, तोच बंधु पुढील प्रभुभोजनाच्या वेळीं शेजाऱ्याजवळ बसावयास नाकारतो, असें आम्हीं पाहिलें आहे. जमीन त्याचीच होती, ह्यांत संशय नाहीं. पण चार हात जमिनीबरोबर त्यानें शेजाऱ्याची मानखंडनाहि आपल्या नांवें करून घेतली. आणि आम्ही शिकविणारे तरी कोठें सुटलों? आपल्या मंडळींत बाप्तिस्मे किती झाले हें सांगतांना आमचा आवाज चढतो; दुसऱ्या गांवच्या उपदेशकाची मंडळी फुटली असें ऐकतांना आम्ही हळहळतों खरे, पण पुरते हळहळतों काय?

पुण्यास जयाचा आनंद फार दिवस टिकला नाहीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यांतून खालीं पडून वारले. मग गादीसाठीं, आणि गादीपेक्षां तिच्यामागील सत्तेसाठीं, खर्ड्यास एका बाजूनें लढलेले लोक एकमेकांवर उठले. ह्या झगड्यांत निजामाचें साह्य मिळावें म्हणून १७९६ मध्यें स्वतः नानांनींच खर्ड्याची बहुतेक कमाई परत सोडून दिली. मुशीरुल्मुल्कहि मोकळा झाला.

१७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनीं नानांस दग्यानें धरलें आणि पुढें आमच्या नगरच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें. सुटकेसाठीं त्यांस दहा लक्ष रुपये द्यावे लागले. खर्ड्याच्या जयाला तेव्हां सुमारें तीन वर्षें झालीं होतीं.