नांव सांगण्याचा हक्क

विद्यापीठ हें सत्याच्या शोधासाठीं असतें, असें आपण पदवीदान-समारंभांतील भाषणांतून प्रतिवर्षीं ऐकतों व मान डोलावतों. या वाक्याचा अर्थ मात्र आपण सहसा ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांच्यापुरताच घेतों. ज्या संस्थेचें ब्रीद सत्य हें आहे, तिनें आपल्यांतील एखाद्या विद्यार्थ्यास किंवा अध्यापकास, 'तूं येथें राहा, शीक, शिकव. परंतु स्वतःविषयींचें एक सत्य कोणास कळूं देऊं नको', अशी अट घालावी काय? समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळांविषयीं आणि विद्यापीठांतील त्यांच्या समान हक्कांविषयीं जो वाद आज सुशिक्षित घरांतून ऐकूं येतो, त्याच्या मुळाशीं आमच्या मतें हा एकच प्रश्न आहे. आणि त्याचाच विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

कायद्यानें शिक्षा करावी कीं न करावी, हा प्रश्न आतां आपल्यापुढें नाहीं. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें, प्रौढ व्यक्तींमधील संमतीचा समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निर्णय दिला. तेव्हांपासून सभ्य माणूस 'यांना तुरुंगांत घाला' असें म्हणत नाहीं. तो म्हणतो तें निराळेंच. 'ज्यानें त्यानें आपल्या चार भिंतींच्या आंत काय करावयाचें तें करावें. आमची ना नाहीं. परंतु त्यासाठीं महाविद्यालयांत मंडळें कशाला, मिरवणुका कशाला, समान हक्कांचे फलक कशाला?' हें मत दुष्टाव्याचें नाहीं. पुष्कळ विचारी माणसें तें प्रामाणिकपणें मांडतात. आणि म्हणूनच तें हंसण्यावारी न नेतां तपासून पाहिलें पाहिजे.

या मताचें कूळ थोर आहे. दुसऱ्याचें नुकसान न करणाऱ्या वर्तनांत समाजानें हात घालूं नये, हें तत्त्व जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ मध्यें आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत मांडलें, आणि आगरकरांच्या पिढीनें तें आपल्याकडे आणून रुजविलें. योगायोग असा कीं, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८६० सालीं, मेकॉलेच्या मसुद्यावरून तयार झालेली दंडसंहिता हिंदुस्थानांत संमत झाली, व तिच्या ३७७ व्या कलमानें नेमकें याच्या उलट केलें. समलिंगी माणसें हें पाश्चात्यांकडून आलेलें खूळ आहे, असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, निश्चितपणें परदेशांतून आली ती शिक्षा होय. पुढें खुद्द इंग्लंडनेंच तो विचार सोडला. रेडिंग विद्यापीठाचे कुलगुरु सर जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९५७ मध्यें अहवाल दिला कीं, खासगी नीति हा कायद्याचा विषय नव्हे. आणि १९६७ मध्यें इंग्लंड व वेल्स यांपुरता तसा कायदा झाला. परंतु तोहि 'खासगी जागेंत' या मर्यादेनें बांधलेला होता. आपल्याकडील सभ्य माणूस आज नेमका त्याच उंबरठ्यावर उभा आहे.

या चार भिंती कितपत भरंवशाच्या आहेत, याची कसोटी आपल्या देशांतच लागून गेली आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठांत मराठीचे प्राध्यापक होते. मराठी कवि होते. फेब्रुवारी २०१० मध्यें एका रात्रीं कांहीं माणसें कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानांत शिरलीं, आणि त्यांचें एका पुरुषाबरोबरचें एकांतांतलें चित्रण करून गेलीं. विद्यापीठानें निलंबित केलें तें सिरस यांना. त्यांची सेवानिवृत्ति तेव्हां अवघ्या कांहीं महिन्यांवर आली होती. विशेष हें कीं, दिल्लीच्या उच्च न्यायालयानें असल्या खासगी संबंधास गुन्ह्याच्या कक्षेंतून २ जुलै २००९ रोजींच वगळलें होतें. (सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय २०१३ मध्यें फिरविला, तो पुढें २०१८ मध्यें पुन्हां उभा राहिला.) म्हणजे प्रसंग घडला त्या वेळीं कायदा सिरस यांच्या विरुद्ध नव्हता. १ एप्रिल २०१० रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें निलंबनास स्थगिती दिली. आणि ७ एप्रिल रोजीं ते अलीगढांतील आपल्या भाड्याच्या घरीं मृतावस्थेंत आढळले.

'पाहा, भिंत फोडली हाच अपराध; भिंती अभंग ठेवा म्हणजे झालें', असें यावर कोणी म्हणेल. त्यांत सत्य आहे, पण अर्धेंच. त्या कॅमेऱ्याला शक्ति कोठून आली, याचा विचार करावा. एखाद्या प्राध्यापकाच्या घरांत शिरून तो आपल्या पत्नीशीं प्रेमानें बोलत असतां कोणीं चित्रण केलें, तर शिरणारा चोर ठरेल आणि तें चित्रण कवडीमोल ठरेल. कारण त्या प्राध्यापकाला पत्नी आहे हें सर्व गांवाला ठाऊकच असतें. सिरस यांच्या घरांतील चित्रणास किंमत आली, ती तें सत्य लपविलेंच पाहिजे असा सर्वांचा आग्रह होता म्हणून. ज्याला आपण उदारपणें चार भिंतींचें संरक्षण देतों, त्याच्यावर लपविण्याची सक्तीहि आपण त्याच वेळीं करतों. आणि जेथें लपविण्याची सक्ति आहे, तेथें उघड करण्याची धमकी देणारा आज ना उद्यां दारांत येतोच.

शिवाय, ही चार भिंतींची मर्यादा आपण इतर कोणास घालतों काय? आपल्या समाजांत विवाहाइतकी जाहीर गोष्ट दुसरी नाहीं. लग्नपत्रिका छापतात, वाजंत्री लावतात, वरात रस्त्यावरून नेतात. प्राध्यापकास निवासस्थान मिळतें तें कुटुंबाच्या हिशेबानें. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर वारस म्हणून पत्नीचें नांव असतें. निवृत्तीच्या समारंभांत तिची खणानारळानें ओटी भरतात. हें सारें चार भिंतींच्या बाहेर चालतें, आणि त्याला कोणी चळवळ म्हणत नाहीं. समलिंगी माणसाच्या वांट्याला यांतील एकहि गोष्ट येत नाहीं. विवाहाचा हक्क देण्यास सर्वोच्च न्यायालयानेंहि १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नकार दिला. तेव्हां, 'तुमचें खासगी तुम्ही खासगींत ठेवा', हा सर्वांस सारखा लागू असलेला नियम नसून एकट्यासाठीं केलेला अपवाद आहे. तो शिष्टाचाराच्या भाषेंत सांगितला जातो, एवढ्यानें त्याची विषमता कमी होत नाहीं.

या सक्तीचा जाच मराठी बोलणाऱ्यास तर अधिकच. इंग्रजींत थोड्या चतुराईनें हें सत्य झांकतां येतें. आपल्या भाषेंत क्रियापदच साक्ष देतें. 'सुटींत कोण आलें होतें?' असें वसतिगृहांतील सोबत्यानें सहज विचारलें, तर 'तो आला होता' किंवा 'ती आली होती' यांपैकीं एक बोलावें लागतें. आणि जो भितो त्याला 'तो'च्या जागीं 'ती' घालून खोटें बोलावें लागतें. ज्याची लिंगविषयक जाणीव जन्माच्या नोंदीशीं जुळत नाहीं, त्याची अडचण याहून मोठी. कारण 'मी गेलों' म्हणावें कीं 'मी गेलें', हा निर्णय त्याला दर वाक्याला चारचौघांत करावा लागतो. दिवसांतून पन्नास वेळां असें जपून बोलणाऱ्या विद्यार्थ्यास, 'तूं अभ्यासाकडे लक्ष दे, या भानगडींत पडूं नको', असा उपदेश करणें सोपें आहे. पण त्याचें लक्ष कशांत गुंतलें आहे, हें उपदेश करणाराच विसरतो.

अशा विद्यार्थ्यांनीं एकत्र यावें तरी कसें? येथें अमेरिकेंतील दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवण्यासारखीं आहेत. १९२० मध्यें एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनीं एक गुप्त न्यायासन बसविलें, संशयितांना एकेक करून बोलावलें, आणि कित्येकांना विद्यापीठांतूनच नव्हे तर गांवांतूनहि निघून जाण्यास सांगितलें. त्याचीं कागदपत्रें २००२ मध्यें विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राच्या एका बातमीदारानें उजेडांत आणलीं, तोंवर ब्याऐंशीं वर्षें लोटलीं होतीं. सत्याचें ब्रीद मिरविणाऱ्या संस्थेला येथें आपला न्यायहि लपवावा लागला! दुसरें उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचें. तेथील कांहीं विद्यार्थ्यांनीं समलिंगी विद्यार्थ्यांची संस्था काढण्याचें ठरविलें. विद्यापीठाचा नियम असा कीं, सभासदांच्या नांवांची यादी दिल्यावांचून मान्यता नाहीं. आणि त्या काळीं यादींत नांव जाणें म्हणजे भावी नोकरीवर पाणी सोडणें. नांवांवांचून मान्यता नाहीं, आणि मान्यतेवांचून नांव सांगण्याचें धैर्य नाहीं, असा पेंच पडला. तो सुटला कसा? विद्यापीठांतील नामांकित विद्यार्थी-पुढाऱ्यांनीं नाममात्र सभासद होऊन आपलीं नांवें यादीसाठीं दिलीं, आणि त्यांच्या आडोशास इतरांचीं नांवें सुरक्षित राहिलीं. १९ एप्रिल १९६७ रोजीं या संस्थेस मान्यता मिळाली. अमेरिकन विद्यापीठांतील अशा प्रकारची ती पहिलीच मान्यताप्राप्त संस्था होय.

आम्हांस या हकीकतींतलें मर्म असें दिसतें कीं, ज्याचें नांव सुरक्षित आहे त्यानें तें दुसऱ्यासाठीं उसनें दिलें. याच कोलंबिया विद्यापीठांत १९१३ ते १९१६ या काळांत डॉ. आंबेडकर शिकले होते. आणि महाराष्ट्रांत असेंच कांहींसें त्यांनीं त्याआधीं तेहतीस वर्षें, १९३४ मध्यें करून दाखविलें होतें. प्रो. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायीं १९२५ मध्यें विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवूं लागले. त्यांत वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी संबंधांविषयींच्या प्रश्नांनाहि, त्यांनीं सरळ उत्तरें दिलीं, म्हणून अश्लीलतेचा खटला झाला. त्या खटल्यांत कर्व्यांचें वकीलपत्र आंबेडकरांनीं घेतलें. खटला हरला, दंड झाला. तरी एका वाळींत टाकलेल्या विचाराच्या पाठीशीं एक मोठें नांव उभें राहिलें, ही गोष्ट दंडानें पुसली गेली नाहीं.

आतां दोन आक्षेप. पहिला असा कीं, मान्यता द्या हवी तर, पण संमेलनें, नाचगाणीं नकोत. न्यू हँपशायर विद्यापीठांत असेंच झालें. समलिंगी विद्यार्थ्यांच्या संघटनेस १९७३ मध्यें मान्यता मिळाली, आणि तिनें एक नृत्यसमारंभ करतांच असल्या कार्यक्रमांवर बंदी आली. १९७४ च्या अखेरीस तेथील अपील न्यायालयानें ती बंदी घटनाविरुद्ध ठरविली. संस्था असावी पण तिनें जमूं नये, हें म्हणणें 'श्वास घ्या पण हवा वापरूं नका' या मासल्याचें आहे. बहुमताला आवडत नाहीं हें कारण येथें पुरत नाहीं. आवडणाऱ्या गोष्टींच्या रक्षणासाठीं हक्क लागतातच कशाला?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आईबापांचा आहे. 'आमच्या मुलाला या वातावरणांत आपलें सर्व जगापुढें मांडणें भाग पडेल. आणि नंतर जग त्याला सोडणार नाहीं.' ही भीति खोटी नाहीं. आमचें उत्तर असें कीं, नांव सांगण्याच्या हक्कांतच न सांगण्याचाहि हक्क आहे. चळवळीच्या उत्साहांत दुसऱ्याचें गुपित त्याच्या संमतीवांचून फोडणारा मित्र आणि अलीगढचा कॅमेरावाला यांचे हेतु भिन्न असतील. परंतु दोघांच्या हातून अन्याय एकच घडतो. कोलंबियाच्या विद्यार्थ्यांनीं हा विवेक पाळला, म्हणूनच त्यांचें उदाहरण आम्हांस मोलाचें वाटतें. मौन हें निवडलेलें असेल तर तें स्वातंत्र्य आहे. लादलेलें असेल तर तीच शिक्षा. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. त्यांतील भेद कळण्याचा मार्ग एकच: बोलण्याची वाट खरोखर मोकळी असली पाहिजे.

ही वाट मोकळी करण्यास फार मोठीं कामें लागत नाहींत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ मध्यें रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून, लैंगिक कल किंवा लिंगभाव यांवरून होणारा छळ हें रॅगिंगच होय असें स्पष्ट केलें. तो नियम सूचनाफलकावर पिवळा पडण्याऐवजीं वसतिगृहाच्या अधीक्षकास तोंडपाठ असावा. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें २०११ पासून 'साथी' नांवाचा विद्यार्थिसमूह निघाला; तसा समूह काढूं इच्छिणाऱ्यांचा अर्ज इतर अर्जांसारखाच वाचला जावा. ज्याचें नांव व लिंगनोंद बदलली आहे, त्याच्या गुणपत्रिकेवर नवें नांव घालतांना त्याला दहा टेबलांपुढें आपली कहाणी सांगावी लागूं नये.

आणि शेवटचें काम अध्यापकांचें. अशा मंडळाच्या अर्जावर बहुधा एका अध्यापकाची सही लागते. तो स्वतः समलिंगी असण्याचें कारण नाहीं, आणि त्या मंडळाचें प्रत्येक मत त्याला पटलें पाहिजे असेंहि नाहीं. त्याची नोकरी पक्की आहे, घर पक्कें आहे, नांव पक्कें आहे. कागद पुढें करणाऱ्या विद्यार्थ्याचें यांतील कांहींच पक्कें नाहीं. सही केल्यानें अध्यापकाला फार तर कुजबुज ऐकावी लागेल. न केल्यास त्या विद्यार्थ्याला एक धडा मिळेल, आणि तो आम्ही वर्गांत कितीहि उत्तम शिकवलें तरी पुसला जाणार नाहीं. तो धडा असा कीं, सत्य हें येथें परीक्षेपुरतेंच असतें.