फुंकणीआधीचा आणि नंतरचा श्वास

बसा. पाठ भिंतीला टेकवली तरी चालेल.

डहाणूहून ईशान्येला, तलासरीच्या बाजूचा एखादा पाडा डोळ्यांसमोर आणा. कुडाची, शेणाने सारवलेली भिंत. वर कौलं. सकाळ आहे. कौलांच्या फटींमधून धूर सावकाश बाहेर निघतोय.

आत चूल आहे. चुलीपुढे उकिडवी बसलेली एक बाई. तिच्या हातात फुंकणी.

तिच्याकडे पाहा.

ती श्वास घेते. मान कलती करते, फुंकणीला ओठ लावते आणि फुंकते. लांब. निखारा लाल होतो. लाकूड दमट आहे, त्यामुळे आधी धूर येतो, जाळ मागून.

फुंक संपते. आता तिला श्वास घ्यावाच लागतो. चुलीपासून हातभर अंतरावर, तिथे जे असेल ते आत.

इथे जरा थांबा.

डहाणूच्या खाडीकडे औष्णिक वीज केंद्राची चिमणी आहे, २७५ मीटर उंच. तालुक्याचं पर्यावरण राखायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये एक प्राधिकरणही नेमलं गेलं. या चुलीला चिमणीच नाही. एवढं मनात राहू द्या, आणि पुन्हा बाईकडे या.

आता स्वतःचा श्वास पाहा.

नाकाने आत येऊ द्या. श्वासनलिकेला दोन फाटे, त्या फाट्यांना फाटे, असं वीसहून अधिक वेळा. नळ्या बारीक होत जातात, दोन मिलिमीटरहून बारीक. अगदी टोकाला वायुकोश. तीस कोटींहून जास्त, पातळ भिंतींचे.

श्वास घेताना श्वासपटल खाली सरकतं, फासळ्या वर येतात. ही मेहनत आहे.

आता सोडा.

काय करावं लागलं? काहीच नाही. ताणलेलं फुप्फुस आपणहून आखडतं आणि हवा निघून जाते.

पुन्हा एकदा. घ्या. सोडा. या सुटणाऱ्या श्वासापाशी थांबा. आजार इथे येऊन बसतो.

किती वर्षं ती चूल फुंकते आहे? लहानपणापासून. बारीक नळ्यांचं अस्तर सुजतं. कफ साठतो. नळीची भिंत जाड होते, तिच्यावर वण धरतात. विडी-सिगारेटच्या धुराने वायुकोशांच्या भिंती जास्त फाटतात. लाकडाचा धूर मुख्यतः या बारीक नळ्यांच्या वाटेला जातो.

वायुकोशांच्या भिंती नळ्यांना चहूबाजूंनी ओढून धरतात, मांडवाला दोर ताणून धरतात तशा. काही दोर तुटले की श्वास सोडताना नळी मिटते.

नळी मिटली, की मागची हवा मागेच राहते.

ती जायच्या आत पुढचा श्वास येतो.

हे थोडं अनुभवून पाहता येतं. (ज्यांना मुळात धाप लागते त्यांनी करू नये, नुसतं वाचावं.) श्वास घ्या. अर्धाच सोडा. त्यावर पुन्हा घ्या. पुन्हा अर्धाच सोडा. पुन्हा घ्या.

खांदे वर आले ना? मानेचे स्नायू ताणले?

आता सगळा सोडून द्या.

हे शेवटचं तिला जमत नाही. तिच्या फासळ्या वर उचललेल्याच राहतात, छाती गोल होत जाते. श्वासपटल सपाट होतं, त्याला खाली सरकायला जागा उरत नाही. ती म्हणते, श्वास पुरत नाही. आणि छाती तर भरलेली असते.

भरलेली, आणि पुरत नाही. याच्याजवळ काही श्वास बसून राहा. घाई नाही.

पुष्कळदा याला नुसतं ‘दमा’ म्हणून सोडून देतात. तपासणी साधी असते, तीही फुंकण्याचीच. स्पायरोमीटरच्या नळीत जोरात फुंकायचं, हवा संपेपर्यंत. श्वासनळ्या रुंद करणारं औषध ओढून झाल्यावरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांहून कमी बाहेर आली, तर वाट अडली आहे. डॉक्टर सीओपीडी म्हणतात. इनहेलरने नळ्या थोड्या मोकळ्या होतात. फाटलेल्या भिंती पुन्हा धरत नाहीत. धूर मात्र थांबवता येतो, आणि तो थांबवणं औषधाइतकंच महत्त्वाचं.

आता ओठांकडे या.

नाकाने श्वास घ्या, मनात दोन मोजत. ओठांचा चंबू करा. हळू सोडा, चार मोजत.

ओठ अरुंद असले की आतल्या नळ्यांत थोडा दाब टिकतो. त्या लगेच मिटत नाहीत. अडकलेली हवा थोडी जास्त निघते.

धाप लागणाऱ्याला फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. चुलीपुढच्या बाईला ओठांची ही ठेवण शिकवावी लागणार नाही. फुंकणीने ती केव्हाच शिकवली आहे. फक्त जोर काढून टाकायचा. पुढे निखारा नाही, काही पेटवायचं नाही.

दोन घ्या. चार सोडा.

मोजणी चुकली तर चुकू दे. घेतल्यापेक्षा सोडणं लांब असलं की झालं.

बसून जमलं की चालताना करा. दोन पावलं घेत, चार पावलं सोडत. चढ आला की पावलं लहान करा. हंडा उचलायचा असेल तर आधी श्वास घ्या आणि उचलताना तो सोडत राहा. रोखून धरू नका.