मिताक्षरेचे न्यायमूर्ती : काशिनाथ त्र्यंबक तेलंग

अल्पायुषी वकिलाच्या कामाचे मोल ठरवणे अवघड असते, कारण त्याचा युक्तिवाद निकालात विरून जातो, निकालावर नाव न्यायाधीशाचे राहते आणि अशिलाच्या स्मरणात केवळ हार किंवा जीत उरते. बॉस्टनचा तरुण वकील जोसाया क्विन्सी १७७५ मध्ये, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध पेटत असताना, वयाच्या ३१व्या वर्षी वारला. इंग्रज सत्तेविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या या माणसाने १७७० मध्ये जॉन ॲडम्सच्या जोडीने बॉस्टनमधील गोळीबाराच्या खटल्यात आरोपी असलेल्या ब्रिटिश सैनिकांचे वकीलपत्र घेतले होते, आणि स्वपक्षाच्या संतापापुढे पुराव्याला मान देण्याचे ते धैर्य त्याच्या नावाशी कायमचे जोडले गेले. महाराष्ट्रात अशा अल्पायुषी विधिज्ञांचा विचार करताना काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत जन्मलेले तेलंग १ सप्टेंबर १८९३ रोजी, अवघ्या ४३व्या वर्षी, निवर्तले.

एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपवून १८७२ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. पुढे १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे सदस्यत्व, १८८५ मध्ये फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशनची स्थापना, १८८९ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरुपदाचा पहिला भारतीय मानकरी होण्याचा बहुमान, असा त्यांचा चढता क्रम आहे. परंतु पदांच्या या यादीत तेलंग सापडत नाहीत. ते सापडतात त्यांच्या वाचनपद्धतीत.

जर्मन पंडित वेबर यांनी रामायणाची कथा होमरवरून घेतली असावी असे सुचवले, तेव्हा तेलंगांनी १८७३ मध्ये त्याचे खंडन केले. भगवद्गीतेवर ख्रिस्ती शुभवर्तमानांचा प्रभाव आहे या लोरिन्सरच्या मतालाही त्यांनी १८७५ च्या आपल्या पद्यमय इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत उत्तर दिले. ग्रंथ पवित्र आहे म्हणून तो प्राचीन असलाच पाहिजे, असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. भाषेचे स्वरूप, छंद, इतर ग्रंथांतील उल्लेख आणि विचारांचा क्रम ही साधने वापरून, न्यायालयात साक्षीपुरावा तपासावा तशी त्यांनी तपासणी केली. माक्स म्युलरच्या ग्रंथमालेत १८८२ मध्ये आलेल्या त्यांच्या गद्य भाषांतरात गीता इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापूर्वीची ठरवताना हीच शिस्त दिसते. तो कालनिर्णय आजच्या संशोधकांना मान्य असो वा नसो, अभिमानाचा विषय पुराव्याच्या कसोटीवर उतरवण्याची त्यांची तयारी त्या पिढीत विरळ होती.

हीच शिस्त न्यायासनावर आली तेव्हा तिचे खरे सामर्थ्य प्रकट झाले. अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या दाव्यात पूर्णपीठापुढे, म्हणजे महत्त्वाच्या प्रश्नासाठी बसवलेल्या अनेक न्यायमूर्तींच्या पीठापुढे, असा प्रश्न होता की बाप आपल्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र राहत असेल, तर त्याच्या इच्छेविरुद्ध मुलाला वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी मागता येते काय. बहुमताने उत्तर नकारार्थी दिले. तेलंगांनी भिन्नमत नोंदवले. त्यांचा आधार होता मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराची टीका, जिच्यानुसार वडिलोपार्जित संपत्तीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो आणि आजोबांच्या मिळकतीची वाटणी बापाची इच्छा नसतानाही मुलाच्या इच्छेने होऊ शकते. जन्माने हक्क मिळतो असे मान्य करून तो वापरण्यासाठी बापाची परवानगी लागते असे म्हणणे, हा हक्क देऊन काढून घेण्याचा प्रकार ठरतो. येथे शास्त्रग्रंथ व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला, कारण तो मूळ संस्कृतातून, रूढीचा चष्मा न लावता वाचला गेला. मुंबई इलाख्यात बहुमताचाच निर्णय चालू राहिला. मद्रासच्या उच्च न्यायालयाने मात्र मुलाचा हक्क मान्य केला.

या वादाचे महत्त्व मुंबईच्या पेढ्यांपुरते नव्हते. उदाहरणार्थ, आज यवतमाळ जिल्ह्यात असलेली घाटंजी त्या काळी वणी नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, म्हणजे निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या हवाली केलेल्या वऱ्हाडात होती; मुंबई उच्च न्यायालयाची सत्ता तेथवर पोहोचत नव्हती, तरी कुटुंबाच्या वाटणीचे प्रश्न मिताक्षरा आणि नीलकंठाचा व्यवहारमयूख या ग्रंथांच्या आधारेच सुटत. कापसाच्या या मुलखात एकत्र कुटुंबातील शेत, बैलजोडी आणि कर्ज यांतील वाटा ठरवताना कर्त्याचा शब्द मोठा की मुलाचा हक्क, हा प्रश्न घरोघर भेडसावणारा होता. आज तेथील वाटणीचा दावा अपिलांच्या पायऱ्या चढत यवतमाळमार्गे नागपूर खंडपीठापर्यंत जाऊ शकतो, आणि ते खंडपीठ तेलंग ज्या न्यायालयात बसले त्याच मुंबई उच्च न्यायालयाचे आहे.

तेलंगांची मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. संमतिवयाचा कायदा सरकारने करण्यास त्यांनी तात्त्विक पाठिंबा दिला, तरी स्वतःच्या मुलीचे लग्न त्यांनी लहान वयातच लावले, आणि समकालीन सुधारकांना ते फार लागले. कुटुंबाच्या दबावाचे कारण त्या काळी दिले गेले व आजही देता येईल. पण बापाच्या इच्छेपुढे मुलाचा हक्क उचलून धरणाऱ्या न्यायमूर्तीने मुलीच्या बाबतीत कुटुंबाच्या इच्छेला मान तुकवावी, ही विसंगती त्या समर्थनाने मिटत नाही. त्यांच्या भिन्नमतातही प्रश्न मुलाचाच होता. मुलीला जन्मतः सहदायादाचा, म्हणजे एकत्र मिळकतीतील भागीदाराचा, हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ चा आणि देशभर २००५ चा कायदा यावा लागला.

मराठ्यांच्या बखरींतून समाजस्थितीचा शोध घेण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, पण त्यातील एक निबंधच मागे राहिला आणि तो न्यायमूर्ती रानडे यांच्या १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथाला जोडला गेला. त्यांचे भिन्नमत मात्र पूर्ण आहे आणि मुंबईच्या निकालसंग्रहाच्या सोळाव्या खंडात उपलब्ध आहे. यवतमाळ-घाटंजीच्या न्यायालयांत वाटणीचे दावे चालवणाऱ्या तरुण वकिलांनी ते सारांशातून नव्हे, मुळातून वाचावे.