उंबरठ्यावरची शपथ

जो जन्मानेच एखाद्या राष्ट्राचा घटक होतो, त्यास त्या राष्ट्राच्या ध्येयांची शपथ वाहावी लागत नाही. वडिलोपार्जित घराप्रमाणे ती ध्येये त्याला आयती मिळतात, आणि अशा घराची डागडुजी आपण जशी पुढे ढकलतो, तशी त्यांचीही ढकलतो. परदेशातून येऊन नागरिकत्व मागणाऱ्याची गोष्ट निराळी. राष्ट्राचे वचन तो शब्दशः खरे मानून येतो. म्हणून त्या वचनाची परीक्षा माजघरात नव्हे, उंबरठ्यावर होते, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. सर्व माणसे समान आहेत, असे तिने १७७६ साली जगास सांगितले. आणि अवघ्या चौदा वर्षांनी, १७९० च्या कायद्यात, परकीयांपैकी केवळ स्वतंत्र गोऱ्या माणसास नागरिक होण्याची मुभा ठेवली. १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांस ती मिळाली. आशियाई मनुष्य मात्र दाराशीच राहिला.

भगतसिंग थिंद हे पंजाबी शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचे प्रकरण १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याआधी तीनच महिने याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांस, वर्ण गोरा असला तरी वंश कॉकेशियन नाही, म्हणून नाकारले होते. थिंद वंशशास्त्रानुसार कॉकेशियन ठरत होते. तेव्हा न्यायालय म्हणाले, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते. पुढे अनेक भारतीयांस दिलेले नागरिकत्व परत घेण्यात आले. त्यांपैकी सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगाई यांनी १९२८ साली आत्महत्या केली.

अमेरिकेस दोष देऊन येथे थांबणे सोपे आहे. पण थिंद यांच्या बाजूने काय मांडले गेले, तेही पाहिले पाहिजे. उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य असून, अमेरिकन मनुष्य निग्रोकडे ज्या दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने तो येथील आदिवासींकडे पाहतो, असा तो युक्तिवाद होता. कायदाच तसा असल्यावर वकिलांपुढे दुसरा मार्ग थोडाच होता, हे आम्ही जाणतो. तरीही ती समतेची मागणी नव्हती; विषमतेच्या पंक्तीत आपले पान मांडावे, एवढीच होती.

त्या वकिलांत अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित हे एक होते. ते १९१४ साली अमेरिकन नागरिक झाले होते. निकालानंतर सरकार त्यांच्याही मागे लागले. तेव्हा त्यांनी निराळे म्हणणे मांडले. न्यायालयाने सर्व विचार करून नागरिकत्व दिले, सरकारने तेव्हा अपील केले नाही, त्या वचनावर विसंबून आपण आयुष्य उभारले. आता ते फिरवता येणार नाही. १९२६ साली अपील न्यायालयाने हे मान्य केले, आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. वंशाचा दाखला हरला, दिलेल्या शब्दाची आठवण जिंकली, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. भारतीयांना दार १९४६ साली उघडले. वंशाची अट १९५२ साली गेली.

ध्येय आणि व्यवहार यांत अंतर दिसले की ध्येयच खोटे होते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ध्येय लिहिलेलेच नसते, तर पंडितांनी बोट कशावर ठेवले असते?

आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस हा प्रश्न परका नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे आमचे पूर्वज कधीतरी पाहुणे म्हणूनच उतरले. गोमंतकीय तर १९६२ च्या आदेशाने एका दिवसात भारतीय नागरिक ठरले. आज आम्ही घरमालक आहोत. कामासाठी दूरच्या प्रांतातून आलेल्या मनुष्यास खोली देताना आम्ही आधी त्याचे आडनाव विचारतो. आपल्या राज्यघटनेचे १४ वे कलम कायद्यापुढील समानता केवळ नागरिकास नव्हे, कोणत्याही व्यक्तीस देते. ते शब्द आपण आयते मिळवले आहेत. ते खरे करण्याचे काम मात्र आपल्याकडे अजून बाकी आहे.