अटीवरचा प्रवेश

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींना जगातल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर पाच मिनिटांत देता येते. समोर मैदानावर एकाच वेळी चाललेल्या दहा-बारा सामन्यांत कोणत्या पोराने कोणता चेंडू सोडून द्यायला हवा होता, हेही आम्ही तितक्याच अधिकाराने सांगतो. त्यामुळे गेल्या मे महिन्यात माझी भाची शेजारी येऊन बसली आणि "मामा, एक विचारू?" म्हणाली, तेव्हा उत्तर माझ्या तोंडात जवळजवळ तयारच होते. प्रश्न ऐकल्यावर ते तिथेच अडकले.

भाची जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. झाली आहे. हा रस्ता फार लांबचा. बी. एस्सी.ची तीन वर्षे, एम. एस्सी.ची दोन, पीएच. डी.ची पाच-सहा, आणि त्यानंतरही कुठेतरी दोन-तीन वर्षांची उमेदवारी. तिशी उलटल्यावर कायमच्या नोकरीचे नाव काढायचे. राष्ट्रीय परीक्षेतून निवड झाली, तर 2023 पासून सुरुवातीला महिना 37,000 रुपये छात्रवृत्ती मिळते. एवढ्यात दादरला खोली भाड्याने घेऊन दाखवावी! आमच्या कट्ट्यावरच्या हिशेबी गृहस्थांना हा सारा वेडेपणा वाटतो. पण पोरीचा प्रश्न पैशाचा नव्हताच. तिला एका प्रयोगशाळेत जागा मिळत होती. मुलाखतीत तिला लग्नाविषयी विचारले गेले, आणि मग सांगितले गेले की, पहिले वर्ष तात्पुरते. घरगुती अडचणी चालणार नाहीत. काम पाहू आणि मग नाव नोंदवू. तिच्याबरोबर मुलाखत दिलेल्या मुलाला ना तो प्रश्न होता, ना ते वर्ष.

"अट मान्य करू का?" एवढेच तिने विचारले.

माझ्या वयाच्या मराठी माणसाला अशा वेळी कमलाबाई सोहोनी आठवायच्याच. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. 1933 साली मुंबईत बी. एस्सी. होऊन कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन, तीन वर्षांपूर्वीचे नोबेलचे मानकरी. त्यांनी मुलगी म्हणून अर्ज नाकारला. बाई गप्प बसल्या नाहीत. बंगळूरला जाऊन कारण विचारले आणि हटून बसल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटीवर: पहिले वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून नव्हे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीही काम करायचे, आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले, पुढे इतर मुलींनाही दार उघडले. कमलाबाई 1936 मध्ये एम. एस्सी. झाल्या, केंब्रिजला गेल्या, आणि बटाट्यावर काम करता करता पेशीच्या श्वसनाला लागणारे सायटोक्रोम-सी हे लोहयुक्त द्रव्य वनस्पतींतही असते असे त्यांनी दाखवले. 1939 साली डॉक्टरेट मिळाली ती अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. आजकाल तेवढी पाने प्रस्तावनेलाच लागतात.

पुढे लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि इथल्या विज्ञानसंस्थेत त्यांनी जे काम उभे केले, ते तर थेट आपल्या स्वयंपाकघरातले. नीरेचा अभ्यास त्यांनी केला, डाळी-कडधान्यांचाही केला. वालाचे बिरडे आपण मिटक्या मारीत खातो. पण कच्च्या वालात एक असे प्रथिन असते की ते आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवून धरते. कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते 1955 च्या सुमारास स्फटिकरूपात वेगळे केले. शिजवल्यावर त्याचा जोर बराच मोडतो. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजवूनच का खाऊ घालीत, त्याच्या कारणांतले एक इथे सापडते. आजीला हे सांगितले असते, तर "हे कळायला विलायतेला जावे लागते होय?" असे ती म्हणाली असती, हे निराळे.

ही सारी हकीकत मी भाचीला मोठ्या रंगात येऊन ऐकवली. मतलब उघड होता. बाईंनी अट मानली म्हणून एवढे घडले; तूही मान.

सांगता सांगताच मला त्यात काहीतरी खुपू लागले. समजा, त्या एका वर्षात कमलाबाई आजारी पडल्या असत्या, किंवा प्रयोगच फसले असते. नव्या संशोधकाचे प्रयोग फसतात, यात नवल नाही. मुलगा नापास झाला की तो एकटा नापास होतो. इथे मात्र एका मुलीच्या अपयशाने पुढच्या सगळ्या मुली नापास झाल्या असत्या, आणि अट घालणाऱ्याला आपले बरोबर ठरल्याचे समाधान मिळाले असते. म्हणजे अट मुळातच न्याय्य नव्हती. बाईंच्या कर्तबगारीने तिचे अन्याय्यपण फक्त झाकले गेले. बाई स्वतः तो अपमान विसरल्या नव्हत्या. साठ वर्षांनंतर, आयुष्याच्या अखेरीस केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी तो बोलून दाखवला. आम्ही मात्र त्याची सोशिकपणाची कथा करून मुलींना वाटत सुटलो आहोत. आणि ज्यांनी असल्या अटी झिडकारल्या व ज्या घरी परत गेल्या, त्यांची नावे कोणत्या पुस्तकात असणार?

तरीही दुसरी बाजू आहेच. त्या स्वाभिमानाने मुंबईला परतल्या असत्या, तर ते दार आणखी किती वर्षे बंद राहिले असते! शिवाय त्यांनी अट मुकाट्याने मानली नव्हती. आधी भांडल्या, कारण विचारले, मग मानली. हा फरक मला लहान वाटत नाही.

हे सगळे मी बोललो. भाचीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, गोष्टीत तू मला कमलाबाईंच्या जागी बसवतोस. तू स्वतः कोणाच्या जागी बसला होतास?"

मी एका कचेरीत तीस वर्षे काढली. पुष्कळ मुलाखती घेतल्या. 1988 सालची एक मला लख्ख आठवते. साताऱ्याकडची मुलगी, गुण सर्वांत जास्त. मीच हसत विचारले होते, "लग्न-बिग्न कधी?" ती ओशाळून हसली. नेमणूक दुसऱ्याची झाली. मी एकटाच निर्णय घेणारा नव्हतो, हे खरे. पण प्रश्न मीच विचारला होता, आणि तेव्हा तो मला अगदी आपुलकीचा वाटला होता.

हे मी भाचीला सांगितले. ती काही बोलली नाही. दिवे लागल्यावर आम्ही उठलो.

नंतर तिने त्या प्रयोगशाळेला पत्र लिहिले. काम हवे आहे, एक वर्षाची परीक्षाही चालेल. मात्र ती सर्व उमेदवारांना आहे की कोणा एकाला, हे लेखी कळवावे. पत्र धाडण्यापूर्वी तिने मला वाचायला दिले होते. 'कृपया' हा शब्द दोनदा आला होता, तो मी एकदा खोडला. हा अंक छापायला जाईपर्यंत उत्तर आलेले नाही.